पाटणादेवी ते पितळखोरं, एका दिवसाची डोंगरवाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढ लागला की पाटण्याच्या, म्हणजे पाटणादेवीच्या देवळापासून पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांपर्यंत चढणाऱ्या, वाटेबद्दल निरोप यायला लागतात आणि पार दिवाळीपर्यंत येत राहतात. आम्ही चाळीसगावची चार-सहा मंडळी सुट्टीच्या दिवशी हौसेनं लोकांना ही वाट दाखवायला नेतो. त्यामुळे तेच ते प्रश्न दरवर्षी आमच्याकडे येतात. या वर्षी ते एका जागी मांडले. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एक गोष्ट एकाच ठिकाणी सांगितली आहे. दुसरीकडे तिचा विषय निघाला तर फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाटणादेवी नेमकं कुठे आहे आणि पोहोचायचं कसं?

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला साधारण १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. चाळीसगाव हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचं जंक्शन आहे, धुळ्याचा फाटा इथूनच फुटतो. रात्रीच्या गाडीनं निघालात तर पहाटे स्टेशनवर उतरता येतं. तिथून पुढे स्वतःची गाडी नसेल तर ठरवून रिक्षा किंवा जीप करा, आणि परतीची वेळही त्याच माणसाशी पक्की करा. नवरात्रात एस.टी.ची सोय वाढते. इतर दिवशी संध्याकाळी आयत्या वेळी वाहन मिळेल या भरवशावर राहू नका.

२. पितळखोरं म्हणजे पितळेची खाण का? डोंगरात पूर्वी खाणकामगारांचं गाव होतं असं ऐकलंय.

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. खाण नव्हती. पितळ कुठल्याच खाणीतून निघत नाही. तांबं आणि जस्त एकत्र वितळवून ते करावं लागतं. आणि हा सगळा डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हाचा. त्यात तांब्या-जस्ताच्या शिरा नाहीत.

मग नाव कुठून आलं? खोरं म्हणजे दरी, एवढं सरळ आहे. "पितळ" जुनं असावं. महामायूरी या बौद्ध ग्रंथात "पितंगल्य" नावाचं ठिकाण येतं, ग्रीक भूगोलकार टॉलेमीनं दख्खनच्या वर्णनात "पेट्रिगल" लिहिलं आहे, आणि अभ्यासकांनी ही दोन्ही नावं याच जागेशी जोडली आहेत. ते बरोबर असेल तर नावातला हा उच्चार दोन हजार वर्षांच्या आसपासचा आहे आणि पितळेची भांडी त्यात आपण मागाहून ऐकली.

तरीही खाणीचा विचार मनात येणं मला पटतं, कारण इथे खोदकाम झालंय, आणि तेही अवाढव्य. खाणीत माणूस बाहेर काढलेल्या दगडासाठी खोदतो. इथे आत उरलेल्या पोकळीसाठी खोदलं. छिन्नी, हातोडा, वरून खाली उतरत जाणारं काम, टोपल्यांनी बाहेर नेलेला चुरा. हे सगळं खाणीसारखंच. धातूचा संबंधही अगदीच नाही असं नाही: इथल्या एका मूर्तीवर सोनाराचं नाव कोरलेलं आहे. त्याचं उत्तर प्रश्न १० मध्ये.

३. दिवसाचा क्रम कसा ठेवावा?

लोक थेट धबधब्याकडे पळतात, तिथे भिजतात, दर्शन घेतात आणि परत फिरतात. त्यांना पाटणं, म्हणजे देवळाभोवतीचं जुनं गाव, दिसतच नाही. आधी गाव, मग पाणी, मग लेणी, असा क्रम धरा.

सकाळी सातच्या आत वनखात्याच्या चौकीवर नोंद करून हेमाडपंती महादेवाचं देऊळ पाहा. सकाळचं तिरपं ऊन असतं, कोरीवकाम त्या वेळी सर्वांत चांगलं दिसतं. नंतर चंडिकादेवीचं दर्शन. नऊच्या आसपास नाल्याच्या कडेनं धबधब्याखालच्या केदारकुंडाकडे वळा, तिथे थोडं थांबा आणि मग पितळखोऱ्याच्या चढाला लागा. लेण्यांत दोन तास तरी हाताशी हवेत. दुपारी दोनला, काहीही राहिलं असलं तरी, उतरायला सुरुवात.

दोनची वेळ मी आग्रहानं सांगतो. एकदा आमच्याबरोबरची मंडळी चित्रांपुढून हलेनात, निघायला चार वाजून गेले. डोंगराच्या कुशीतल्या नाल्यात अंधार गावापेक्षा तासभर आधी पडतो. शेवटचा टप्पा आम्ही दोन मोबाईलच्या उजेडात, एकमेकांचा हात धरून दगडांवरून उतरलो. कुणाला काही झालं नाही, पण एका बाईंचे हात रात्री घरी पोहोचेपर्यंत थरथरत होते.

४. चाल किती आहे? पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्याला जमेल का?

किलोमीटर विचारू नका, तास मोजा. देवळापासून लेण्यांपर्यंत रमतगमत दोन-अडीच तास, उतरताना त्याहून थोडं कमी. दोर लागेल असा कडा नाही. त्रास होतो तो नाल्यातल्या गोट्यांचा आणि शेवटच्या चढाचा. रोज तासभर चालणाऱ्या माणसाला जमतं. गुडघे दुखत असतील तर चढ निभावतो, उतार नाही, हे लक्षात घ्या आणि काठी आणा.

५. कोणता महिना चांगला?

श्रावणाच्या मध्यापासून कार्तिकापर्यंत. पहिल्या पावसात कुंडाला पाणी असतं, पण वाट चिखलाची असते आणि नाल्याचा नेम नसतो (प्रश्न १५). माझं मत विचाराल तर दसरा ते दिवाळी. धार बारीक झालेली पण चालू, गवत कमरेपर्यंत, सीताफळं डोळे उघडायला लागलेली, आणि हवा इतकी धुतलेली की वरून गिरणेच्या खोऱ्यातली शेतं पार दूरवर दिसतात.

श्रावणात एक गोष्ट लक्षात ठेवा. कानबाई या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या रविवार-सोमवारी आमच्यापैकी कुणी सोबत येऊ शकत नाही. त्या दिवशी घरोघर रोट असतात आणि मुंबई-सुरतेला गेलेली माणसंसुद्धा गावी येतात.

होळीनंतर येऊ नका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला इथलं ऊन चाळिशीच्या पुढे जातं, पळस-सालईला पान नसतं, आणि काळा पाषाण तापला की तो संध्याकाळपर्यंत उष्णता ओकत राहतो.

६. परवानगी लागते का?

हो. हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे जंगल जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. चौकीवर नाव, गाडीचा नंबर आणि माणसांची संख्या नोंदवायची, प्रवेशशुल्क भरायचं. जोराच्या पावसात वरची वाट बंद ठेवतात. बंद म्हटलं तर बंद, "आम्ही लांबून आलोय" सांगून वाद घालू नका. शक्य असेल तर स्थानिक वाटाड्या घ्या. त्याला वाट माहीत असते, त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणत्या महिन्यात कोणती वाट सोडायची हे माहीत असतं. कुत्रा आणू नका.

औट्रम हे नाव जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं. १८२५ साली खान्देशात भिल्ल पलटण उभी करणारा तोच. चाळीसगावहून कन्नडला चढणारा घाट त्याच्या नावानं ओळखला जातो.

७. जेवण आणि पाणी?

पाणी माणशी तीन लिटर, घरूनच. नाल्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर गुरं असतात. देवळाजवळ चहा-नाश्ता मिळतो, पण वरच्या वाटेवर काहीच मिळत नाही. आम्ही कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा नेतो. कळण्याची भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते आणि दोन खाल्ल्या की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. शेवभाजी परतल्यावर चाळीसगावात खा, रस्सा डब्यातून नेण्यात अर्थ नाही. लेण्यांत बसून जेवू नका. खरकट्यावर वानरं येतात आणि एकदा सवय लागली की पुढच्या माणसाच्या पिशव्या ओढतात.

८. महादेवाच्या आणि देवीच्या देवळात पाहण्यासारखं काय आहे? "हेमाडपंती" एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं.

त्या एका शब्दात सगळं गुंडाळून टाकल्यामुळे फार नुकसान झालंय. इथे कोण राहत होतं, कुणी काय बांधलं, हे दगडावर लिहून ठेवलेलं आहे.

यादवांच्या काळात या मुलखावर निकुंभ घराणं सत्तेवर होतं आणि पाटण, म्हणजेच पाटणं, हे त्यांचं ठाणं. शके १०७५ म्हणजे इसवी सन ११५३ च्या लेखातून कळतं की महादेवाचं देऊळ इंद्रराजानं बांधायला घेतलं. तो वारला तेव्हा मुलगा लहान होता. राणी श्रीदेवीनं राज्यकारभार हाती घेतला आणि देऊळ पुरं केलं. आज तिथे उभं राहिलं की एवढं तरी आठवावं, की हा कळस एका बाईनं नवऱ्यामागे, लहान मूल आणि राज्य दोन्ही सांभाळत चढवला.

दुसरा लेख देवीच्या देवळातला, आणि माझ्या दृष्टीनं खान्देशातला सर्वांत मोलाचा दगड. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. लेख सांगतो की थोर गणितज्ञ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. आजोबांचे म्हणजे सिद्धान्तशिरोमणी वगैरे. निकुंभ राजा सोइदेव यानं त्या मठाला दान दिलं ते शके ११२८ मध्ये, प्रभव संवत्सरी, श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. अभ्यासकांनी गणित मांडून तो दिवस ९ ऑगस्ट १२०७ असा काढला आहे. ज्या मठात ग्रहणाचं गणित शिकवायचं त्याला दान ग्रहणाच्या दिवशी! पुढे सोइदेवाचा भाऊ हेमाडिदेव यानंही ते चालू ठेवलं.

लेखाचा मोठा भाग संस्कृत श्लोकांचा आहे, पण शेवट जुन्या मराठीत उतरतो, कारण तिथे व्यवहार सुरू होतो. पाटणच्या पेठेत जो माल उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा भाग मठाला दिला, जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल. म्हणजे इथे पेठ होती, घाणे होते, तेली होते, माप होतं. रात्री पोरं अभ्यासाला बसत तेव्हा दिव्यात जे तेल जळायचं ते याच पेठेतलं. आज त्या जागेवर साग आणि करवंदं आहेत. मुलांना मी हे वाक्य वाचून दाखवतो आणि मग विचारतो, पेठ कुठे असेल? पोरं उठून शोधायला लागतात.

९. भास्कराचार्यांचा जन्म इथलाच ना? मग तसं ठामपणे का सांगत नाही?

घराणं इथलं होतं याला दगडाचा पुरावा आहे. जन्म इथेच झाला याला नाही. म्हणून ठाम सांगत नाही.

जन्मवर्षाबद्दल शंका नाही, ते त्यांनीच श्लोकात दिलं आहे: "रसगुणपूर्णमही". रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, शके १०३६ मिळतं, म्हणजे इसवी सन १११४. त्याच श्लोकात पुढे छत्तिसाव्या वर्षी ग्रंथ रचल्याचं म्हटलं आहे, तो ११५० साल. गावाबद्दल मात्र ते सह्याद्रीच्या आश्रयाचं "विज्जडविड" एवढंच सांगतात. हे गाव कोणतं यावर एकमत नाही. काही विजापूर म्हणतात, काही बीड, काही पाटण किंवा त्याच्या आसपासचं ठिकाण.

पाटणच्या बाजूनं सर्वांत वजनदार साक्ष प्रश्न ८ मधल्या लेखाची. तो त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत नऊ पिढ्या सांगतो: त्रिविक्रम, भोजराजानं विद्यापती केलेला भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. आणि भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला जैत्रपाल यादवानं "या पुरातून" आपल्याकडे नेलं असं म्हणतो. तेव्हा घर इथे होतं. मला एवढं पुरतं. जे सिद्ध आहे तेच इतकं मोठं आहे की त्यात भर घालायची गरज नाही, आणि गणितज्ञाच्या गावात तर पुराव्याबाहेर बोलूच नये.

घटिकापात्रात मोती अडकून भास्कराचार्यांच्या मुलीचा, लीलावतीचा, लग्नमुहूर्त हुकला ही गोष्ट लोक सांगतात. गोष्ट म्हणून ऐका. लेखात ती नाही.

१०. पितळखोऱ्याच्या लेण्यांत काय पाहायचं? अजिंठ्यापुढे ती फिकी वाटत नाहीत का?

अजिंठ्याशी तुलना करत गेलात तर हिरमोड होईल, कारण पुष्कळसं कोसळलं आहे. दगडाचा थर इथे ठिसूळ लागला, आणि शेकडो वर्षांच्या पाझरानं दर्शनी भाग ढासळले. पण पितळखोरं अजिंठ्याच्या अगदी सुरुवातीच्या लेण्यांइतकं जुनं आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात इथे छिन्नी लागली. दरीच्या दोन्ही अंगांना मिळून चौदा लेणी मोजतात.

तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, जा. अष्टकोनी खांबांच्या रांगा, काही पुरते, काही नुसते बुंधे. उरलेल्या खांबांवर रंग आहे: बुद्धाची चित्रं, गेरू आणि पिवळ्या रंगातली, पाचव्या-सहाव्या शतकात पुन्हा इथे वस्ती झाली तेव्हाची. म्हणजे खोदणाऱ्यांच्या आणि रंगवणाऱ्यांच्या मध्ये सहा-सातशे वर्षं गेली. याच लेण्यातून स्फटिकाचे अवशेष-करंडे मिळाले. खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं आहेत. पैठणच्या गंधिक घराण्यातला, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या घरातला मितदेव त्यांत आहे. पैठणहून निघालेला माल हा डोंगर ओलांडून खाली खान्देशात उतरायचा, त्यातल्या एका व्यापाऱ्यानं वाटेवर एक खांब दिला.

शेजारचं चौथं लेणं म्हणजे विहार, भिक्षूंच्या राहण्याची जागा. त्याच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरली आहे, जणू सगळा विहार त्यांच्या पाठीवर उभा आहे. पायऱ्यांपाशी द्वारपाल, अंगात लांब अंगरखा, हातात भाला. बाजूला पाच फण्यांचा नाग, त्यामागून पाण्याचा मार्ग कोरलेला. पाझर ही या डोंगराची दुखरी बाजू, आणि त्याच पाण्याला कारागिरानं नागाच्या फण्यांतून वाट करून दिली. पावसाळ्यात तिथे गुपचूप दहा मिनिटं थांबा.

आणि सोनार. विसाव्या शतकाच्या मध्यात मधुसूदन नरहर देशपांडे यांच्या देखरेखीखाली इथला ढिगारा उपसला गेला, तेव्हा एका ठेंगण्या, पोट सुटलेल्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती निघाली. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे की ही कान्हदास सोनारानं केली. त्या काळचे कारागीर नाव मागे ठेवून गेल्याची उदाहरणं फार थोडी. दागिने घडवणारा हात दगडाला लागला म्हणूनच त्या यक्षाच्या कानातले अलंकार आणि गळ्यातला हार इतका नाजूक आहे, असं मला नेहमी वाटतं.

११. तो यक्ष लेण्यात कुठे आहे? आम्हाला सापडला नाही.

तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लेण्यात शोधू नका. जाण्याआधी फोटो पाहून घ्या, म्हणजे तो ज्या अंगणातून निघाला तिथे उभं राहिल्यावर त्याचं हसू डोळ्यांपुढे येईल.

१२. कण्हेरगड त्याच दिवशी होईल का? आणि रामाजी पांगेरा लढले तो हाच ना?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. शिवाजी महाराजांचे सरदार रामाजी पांगेरा यांच्या पराक्रमाचा कण्हेरगड नाशिक जिल्ह्यात, कळवण तालुक्यात, सप्तशृंगीच्या बाजूला आहे. नाव एक, गड दोन. चुकीच्या गडावर जयघोष करून परत आलेली मंडळी आम्हाला भेटली आहेत आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

पाटणादेवीजवळच्या आपल्या कण्हेरगडाच्या अंगाला नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी आणि शृंगार चावडी ही लेणी आहेत. नागार्जुन कोठडी जैन आहे, आत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. म्हणजे एका चालीत बौद्ध, जैन, शैव आणि देवीचं ठाणं, चारही येतात. पण एका दिवसात पितळखोरं आणि गड दोन्ही केलं की दोन्हीकडे धावपळ होते. पायांत जोर असेल आणि थंडीचे दिवस असतील तरच. नाहीतर गड, कोठडी आणि दोन्ही देवळं असा एक वेगळा दिवस काढा, तो कमी दमवणारा आहे.

१३. लहान मुलं किंवा आई-वडील बरोबर असतील तर?

देवळापर्यंत गाडी जाते, तेव्हा कुणालाच घरी ठेवून यायची गरज नाही. पाटणादेवी खान्देशातल्या कितीतरी घरांची कुलदेवी आहे, नव्वदीच्या आजीलाही यायचं असतं. आठ-नऊ वर्षांवरची, चालायची सवय असलेली मुलं पितळखोऱ्यापर्यंत येतात. त्याहून लहान असतील तर केदारकुंडाच्या वाटेवर जमेल तितकं चाला आणि परत फिरा. वडीलधाऱ्यांना लेणीच पाहायची असतील तर प्रश्न १६ मधला वरचा रस्ता त्यांच्यासाठी आहे, मात्र तिथेही पुष्कळ पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात.

१४. बिबट्या दिसतो का? आणि मधमाश्यांची भीती कितपत?

बिबटे आहेत, अस्वलं आहेत. दिवसाउजेडी, पाच-सहा माणसांच्या आवाजात ते समोर येत नाहीत. पहाटे आणि दिवेलागणीला नाल्यात एकट्यानं जाऊ नका, एवढं पाळलं की पुष्कळ झालं.

मला जास्त काळजी आग्या मोहोळांची वाटते. कड्याला आणि लेण्यांच्या छताला पोळी लटकलेली असतात. उग्र अत्तर, धूर, दगड मारणं, आरडाओरडा, ड्रोन, यांतलं एकही चालणार नाही. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका. तोंड-डोकं कापडानं झाका आणि झाडीत शिरून लांब निघून जा. कुंडात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात.

१५. नाल्याला अचानक पाणी आलं तर?

तर थांबायचं. ओलांडायचं नाही. गुडघ्याच्या वर, गढूळ, आवाज करणारं पाणी दिसलं की निर्णय झालेला असतो.

फसवणारी गोष्ट ही की खाली ऊन असताना वर कन्नडच्या पठारावर पाऊस पडत असतो आणि ते सगळं पाणी याच दऱ्यांतून उतरतं. एका भाद्रपदात आम्ही निरभ्र आकाशाखाली नाल्यात उतरत होतो. वरून गुरं घेऊन येणाऱ्या एका जिभाऊंनी हात वर करून हाक दिली, "पानी वाढी ऱ्हायनं, माघारे फिरा!" आम्हाला काहीच दिसत नव्हतं. तरी फिरलो. दहा मिनिटांत पाण्याचा रंग बदलला, मग काटक्या आणि पाला वाहत आला, मग ज्या दगडावर आम्ही उभे होतो तो दिसेनासा झाला. तीन तास काठावर बसून काढले. स्थानिक माणसानं फिरा म्हटलं की फिरा, कारण विचारत थांबू नका.

३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी घराघरांत शिरलं, ते याच डोंगरावरून आलेलं. चाळीसगावकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. बाहेरून येणाऱ्यांसाठी लिहिलं.

१६. वरून, कन्नडच्या बाजूनं लेण्यांपर्यंत गाडीनं येऊन खाली पाटणादेवीला उतरता येईल का?

येतं, आणि फक्त उतार असल्यानं पुष्कळांना सोयीचं वाटतं. पण तीन गोष्टी पाहा. गाडी वर राहते, म्हणून खाली दुसरं वाहन हवं, घाटानं वळसा घालून वर जायला बराच वेळ जातो. नोंद खालच्या चौकीवर झालेली नसते, तेव्हा आधी कळवा. आणि वरून वाट सुरू कुठे होते हे गवत वाढल्यावर ओळखू येत नाही, पहिल्यांदा जाणाऱ्यानं वाटाड्याशिवाय हे करू नये. मोबाईलला दरीत रेंज नसते, नकाशा घरूनच उतरवून घ्या. तोही वाट दाखवेलच असं नाही.

१७. मग पितळखोरं खान्देशातलं की मराठवाड्यातलं?

कागदावर मराठवाड्यातलं: तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. पाटणं मात्र चाळीसगाव तालुक्यात, जळगाव जिल्ह्यात. ही रेघ जुनी आहे. इंग्रजी अमलात डोंगराच्या खाली ब्रिटिशांचा खान्देश, वर निजामाचं राज्य. पण पाणी वरून खाली येतं, वाट खालून वर जाते, आणि पैठणचा व्यापारी ती रेघ नसतानाच्या काळात इथून गेला. तुम्हीही ती न पाहता चाला. फक्त अपघात झाला तर हद्द कामाची ठरते: वर असाल तर कन्नड, खाली असाल तर चाळीसगाव, हे ध्यानात ठेवूनच मदत मागा.

१८. नवरात्रात आलं तर चालेल का? मुक्काम करता येतो का?

नवरात्रात दर्शनासाठी या, चालण्यासाठी नको. चैत्रात आणि आश्विनात इथे मोठी गर्दी असते, गाड्या लांब थांबवतात, आणि तुमचा सकाळचा सगळा वेळ रांगेत जातो. मुक्कामासाठी पायथ्याला वनखात्याचं विश्रामगृह आहे, त्याचं आरक्षण आधी करावं लागतं. जंगलात, कुंडापाशी किंवा लेण्यांत तंबू टाकता येत नाही. आदल्या रात्री चाळीसगावात राहणं सर्वांत सोपं. संध्याकाळ मोकळी असेल तर स्टेशनजवळ केकी मूस यांचं कलादालन पाहा. फोटो काढणारा हा माणूस कितीतरी वर्षं आपल्या बंगल्याबाहेर पडला नाही, आणि तिथल्या खोल्यांत बसून त्यानं उजेड कसा पकडला ते पाहून पितळखोऱ्यात गेलात तर सावल्या वेगळ्या दिसतील.

१९. शिलालेख पुसट आहे. खडू किंवा पीठ लावून वाचला तर चालेल का? फक्त एकदाच, नंतर पुसून टाकू.

नाही. खडू, पीठ, शेंदूर, तेल, पाणी, ओला कागद, यांतलं काहीही नाही, एकदाही नाही. पुसताना अक्षराची कडच झिजते, आणि तेल एकदा दगडात मुरलं की धूळ धरून ठेवतं. चैत्याच्या खांबांवरही बोट लावू नका. तिथल्या रंगाखालचा लेप हाताला लागताच सुटतो.

त्याऐवजी साधी बॅटरी आणा. दगडावर समोरून झोत टाकू नका, बाजूला उभं राहून, दगडाला जवळजवळ चिकटून, तिरपी धरा आणि हळूहळू खालून वर न्या. खोलगट भागात सावली भरते आणि ओळी एकामागून एक उठून येतात. जुन्या मराठीचा भाग शेवटी आहे. डोळा तिथे पोहोचला की घाण्याच्या तेलाची ओळ शोधा.